व्यावसायिक टेबल टेनिसपटूंची रॅकेट दुकानातल्या रॅकेटपेक्षा खरोखर वेगळी असते का?

पार्लेकर (विलेपार्ले)

नमस्कार. माझी मुलगी ११ वर्षांची आहे आणि गेली २ वर्षे घराजवळच्या क्रीडासंकुलात टेबल टेनिस शिकते आहे. सुरुवातीला आम्ही तिला एका दुकानातून तयार रॅकेट घेऊन दिली होती, म्हणजे जिला दोन्ही बाजूंचे रबर कारखान्यातच चिकटवलेले असते अशी. वेष्टनावर पाच तारे छापलेले होते आणि किंमत १२०० रुपये होती, त्यामुळे आपण चांगल्यातली रॅकेट घेतली असेच आम्हाला वाटत होते.

गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा स्पर्धेत उतरली. सामन्यापूर्वी पंचांनी दोघींच्या रॅकेट मागून घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि हिच्या रबरावर आंतरराष्ट्रीय महासंघाचे चिन्ह व क्रमांक नसल्यामुळे या रॅकेटने खेळता येणार नाही, असे समजुतीच्या स्वरात सांगितले. प्रशिक्षकांनी संकुलातल्या एका मोठ्या मुलीची रॅकेट घाईघाईने तिच्या हातात दिली. त्या रॅकेटने हिचा प्रत्येक फटका टेबलाच्या पलीकडे जाऊन पडू लागला, साधा पुश केला, म्हणजे चेंडू नुसता हलकेच ढकलून परत केला, तरी तो उंच उठत होता, आणि पंधरा मिनिटांत सामना संपला. हरल्याचे तिला फारसे वाटले नाही. पण ‘आई, त्या रॅकेटवर चेंडू थांबतच नव्हता’ हे वाक्य ती घरी पोहोचेपर्यंत तीनदा म्हणाली.

आता प्रशिक्षक म्हणतात की ब्लेड (मुठीसह लाकडी फळी) आणि रबर वेगवेगळे घेऊन रॅकेट जुळवा. संकुलातल्या एका पालकांनी मुलाला एका जागतिक विजेत्याच्या नावाची रॅकेट जुळवून दिली आहे आणि तिचा खर्च १८ हजारांच्या पुढे गेला, असे ते सांगतात. आमचे घर नोकरदारांचे आहे. खर्चाला आमची ना नाही, पण तो कशासाठी करायचा हे समजून घेऊन करावा असे वाटते. म्हणून जाणकारांना विचारते. आपण ऑलिंपिकमध्ये ज्यांना खेळताना पाहतो त्यांच्या रॅकेट कंपन्या त्यांच्यासाठी वेगळ्या बनवतात का, की धोबीतलावच्या दुकानात कपाटात दिसते तीच वस्तू त्यांच्या हातात असते? आणि ती तीच असेल, तर मुलीला ती घेऊन देण्यात काही अर्थ आहे का?

जुना डिफेंडर (दादर)

पार्लेकर ताई, तुमच्या मुलीने जे वाक्य तीनदा सांगितले त्यात उत्तराचा निम्मा भाग आलेला आहे, तिचे मला मनापासून कौतुक वाटते. मी ३० वर्षांहून अधिक काळ खेळतो आहे आणि आमच्या क्लबातल्या मुलांच्या रॅकेट जुळवून, रबर कापून, चिकटवून देण्याचे काम हौसेने करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपण ‘दुकानातली रॅकेट’ म्हणतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या वस्तूंना एकच नाव देत असतो. एक म्हणजे तुम्ही घेतली होती तशी तयार रॅकेट, आणि दुसरी म्हणजे त्याच दुकानात वेगळे विकले जाणारे ब्लेड व रबर. या दोहोंमधले अंतर फार मोठे आहे. त्या मानाने दुसऱ्या प्रकारची रॅकेट आणि व्यावसायिक खेळाडूच्या हातातली रॅकेट यांच्यातले अंतर थोडे असते, आणि ते निराळ्या जातीचे असते.

तयार रॅकेटचे रबर कसे असते हे घरी पाहता येईल. रॅकेट टेबलावर आडवी ठेवा, चेंडू तळहाताखाली धरून रबरावर हलकेच दाबा आणि पुढे सरकवा. बहुतेक तयार रॅकेटवर चेंडू काचेवरून घसरावा तसा घसरत जातो. चांगल्या रबरावर तो जागचा सरकत नाही. रबर त्याला धरून ठेवते, पृष्ठभाग किंचित ओढला जातो आणि हात आणखी पुढे नेला तर चेंडू घसरण्याऐवजी गोल फिरतो. टेबल टेनिसमध्ये ज्याला आपण स्पिन, म्हणजे चेंडूची गिरकी, म्हणतो ते सगळे या पकडीवर उभे आहे. मागच्या वर्षी एका मुलाची अशीच पाच तारेवाली रॅकेट मी उकलून पाहिली. रबराखालचा स्पंज जेमतेम दीड मिलिमीटरचा होता आणि बोटाने चोळला तर त्याचा भुगा होत होता; गोंद असा कायमचा लावलेला होता की रबराबरोबर लाकडाचा पापुद्राही निघून आला. त्या ताऱ्यांना महासंघाची कोणतीही मान्यता नसते, ती त्या त्या कंपनीची स्वतःची प्रतवारी असते.

आता दुसरी वस्तू. ब्लेड म्हणजे मूठ आणि लाकडी फळी, साधारणपणे लाकडाच्या पाच किंवा सात थरांची. काहींत दोन थरांमध्ये कार्बनचे किंवा आरिलेट-कार्बनचे जाळीदार कापड असते. रबराचा चौकोनी तुकडा वेगळा विकत मिळतो, तो पाण्याच्या गोंदाने ब्लेडवर चिकटवायचा आणि कडेने कापायचा. बटरफ्लाय कंपनीचे व्हिस्कारिया किंवा टिमो बोल एएलसी हे ब्लेड, टेनर्जी किंवा डिग्निक्स ही रबरे जगातले कितीतरी अव्वल खेळाडू वापरत आले आहेत, आणि पैसे मोजले तर ती मुंबईत कोणालाही मिळतात. क्रिकेटमधल्या मोठ्या फलंदाजाची बॅट त्याच्यासाठी निवडलेल्या लाकडातून कारागीर घडवतो. आपल्या खेळात कपाटातली वस्तू आणि ऑलिंपिकमधली वस्तू यांचे नाव पुष्कळदा अक्षरशः एकच असते.

मग फरक कुठे राहतो? तो राहतो निवडण्यात. लाकूड ही जिवंत झाडापासून आलेली गोष्ट आहे आणि एकाच साच्यातली दोन ब्लेड सारखी निघत नाहीत. माझ्याकडे एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच महिन्यात घेतलेली दोन ब्लेड आहेत. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक ८४ ग्रॅम भरते आणि दुसरे ९१. मूठ दोन बोटांत सैल धरून फळीवर चेंडू टिचकीसारखा आपटला तर हलक्या ब्लेडचा आवाज खालच्या पट्टीत येतो आणि जड ब्लेडचा वरच्या. वरच्या पट्टीचे ब्लेड ताठ असते व चेंडू लवकर सोडते. दुकानात गेल्यावर तुमच्या वाट्याला यांतले कोणते येईल हे नशिबावर असते. करारबद्ध खेळाडूला कंपनी बरीच ब्लेड पाठवते, तो त्यांतली हाताला बसणारी दोन-तीन ठेवतो आणि उरलेली परत करतो. मूठ किंचित बारीक हवी असेल, ब्लेड अमुक वजनाचेच हवे असेल, तर तसे बनवून घेण्याची सोयही त्याला असते.

रबराचेही तसेच आहे. एकाच जातीच्या दोन तुकड्यांत कापल्यानंतर दोन-तीन ग्रॅमांचा फरक सहज पडतो. शिवाय व्यावसायिक खेळाडू दिवसाला पाच-सहा तास खेळतो आणि पकड थोडी ढिली वाटली की रबर बदलतो, काही जण तर दर दोन-तीन आठवड्यांनी. आपण तेच रबर सहा महिने, वर्षभर ओढतो. आपल्या रबराचे जे पहिले आठ-दहा दिवस असतात ते त्याला वर्षभर मिळत राहतात, आणि माझ्या मते खरा, रोज जाणवणारा फरक हाच आहे.

तुमच्या मुलीला दिलेली रॅकेट बहुधा कार्बनच्या ब्लेडची आणि जाड, कडक स्पंजाची असावी. अशा रॅकेटवर चेंडू रुतून राहण्यासाठी फटक्यात मोठा वेग लागतो. तो वेग नसला की चेंडू स्पंजात शिरण्याआधीच उडून जातो, आणि मुलीला वाटले ते अगदी बरोबर वाटले. हा दोष तिचाही नाही आणि त्या रॅकेटचाही नाही. जागतिक विजेत्याच्या नावाचे ब्लेड आत्ता तिला देऊ नका, एवढे मात्र मी ठामपणे सांगेन.

नियमपुस्तिका (माटुंगा)

मी अनेक वर्षे स्थानिक स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम केले आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत पंचांनी जे केले ते नियमाला धरूनच होते, पण नियम काय आहे हे पालकांना आधी कोणी सांगत नाही, आणि मग त्याची झळ नेमकी पहिल्या सामन्याला उभ्या राहिलेल्या मुलांना लागते. ही गोष्ट मला दरवेळी टोचते.

नियमांत रॅकेटचा आकार, आकारमान आणि वजन यांवर कोणतेही बंधन नाही. ब्लेड सपाट व ताठ असावे आणि त्याच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा, एवढीच अपेक्षा आहे. कार्बनसारख्या तंतूंचा थर चालतो, पण असा एक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड असता कामा नये. ब्लेडला महासंघाची पूर्वमान्यता लागत नाही. रबराला मात्र लागते. महासंघाने मान्य केलेल्या रबरांची यादी प्रसिद्ध होत असते, तीत हजाराहून अधिक नावे आहेत, आणि त्या यादीतल्या रबरावर चिन्ह व क्रमांक उठवलेला असतो. रबर चिकटवताना तो मजकूर मुठीच्या बाजूला, सहज वाचता येईल असा ठेवावा लागतो. स्पंजासह रबराची जाडी गोंद धरून ४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. एक बाजू काळी असावी लागते आणि दुसरी काळ्यापासून व चेंडूच्या रंगापासून स्पष्ट वेगळी दिसेल अशा उजळ रंगाची. २०२१ च्या अखेरीपासून लालखेरीज गुलाबी, जांभळा, हिरवा आणि निळा हे रंगही चालतात. हे सगळे नियम ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याला आणि मान्यताप्राप्त बालगटाच्या स्पर्धेला सारखेच लागू होतात.

रबर व स्पंजाच्या जाडीचे हे बंधन कशासाठी आले याचे मूळ आपल्याच शहरात आहे, आणि मुंबईत हा खेळ शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ते ठाऊक असायला हवे असे मला वाटते. १९५२ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली होती. तोवर बहुतेक सगळे जण बारीक दाणे असलेल्या पातळ रबराच्या रॅकेटने खेळत असत, आणि फटका कसा बसला हे प्रतिस्पर्ध्याला डोळ्यांइतकेच कानांनी कळत असे. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली रॅकेट घेऊन आला. त्या स्पंजावर चेंडूचा आवाजच होत नव्हता, तो शांतपणे आत रुतत असे आणि अनपेक्षित वेगाने बाहेर पडत असे. सातोने पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले, आणि पुढची काही वर्षे कोणी कसल्याही जाडीचा स्पंज लावून खेळू लागला. अखेर १९५९ मध्ये महासंघाने नुसत्या स्पंजाला बंदी घातली आणि रबर व स्पंज मिळून जाडीची मर्यादा ठरवून दिली. आजची प्रत्येक रॅकेट त्या निर्णयातून आलेली आहे.

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये रॅकेटची तपासणी वेगळ्या कक्षात उपकरणांनी होते. रबराची जाडी आणि सपाटपणा मोजतात, आणि गोंदातून घातक वायू निघतात का तेही पाहतात. पूर्वी सामन्याच्या थोडे आधी ‘स्पीड ग्लू’ नावाचा द्रावकयुक्त गोंद लावून स्पंज फुगवण्याची पद्धत होती. त्याची वाफ आरोग्याला अपायकारक असल्यामुळे २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकनंतर, तो बंद झाला. रबर कारखान्यातून येते तसेच वापरावे, त्यावर कोणतीही भौतिक किंवा रासायनिक प्रक्रिया करू नये, असा आता स्पष्ट नियम आहे.

टॉपस्पिन (मुलुंड)

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून बरेच शिकायला मिळाले. पण व्यावसायिकांची आणि आपली रॅकेट जवळजवळ सारखीच असते हा निष्कर्ष मला पूर्णपणे पटत नाही, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पहिली गोष्ट चिनी रबरांची. डीएचएस कंपनीचे हरिकेन ३ हे रबर चीनचे खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या फोरहँडला वापरत आले आहेत. ते आपल्याकडे तुलनेने स्वस्त मिळते, पण त्याच्या तीन प्रती असतात हे अनेकांना माहीत नसते. बाजारासाठी एक, प्रांतीय संघांसाठी दुसरी आणि राष्ट्रीय संघासाठी तिसरी. वेष्टनावरचे नाव तेच राहते, स्पंज आणि निवड बदलते. राष्ट्रीय प्रतीचा निळा स्पंज बाजारातल्या साध्या प्रतीपेक्षा चेंडूला अधिक जिवंत प्रतिसाद देतो. अलीकडे या वरच्या प्रती काही विक्रेत्यांकडे मिळू लागल्या आहेत, पण त्यांची किंमत कित्येक पटींनी जास्त असते आणि नकली माल इतका असतो की ओळखीच्या माणसाखेरीज घेऊ नये.

दुसरी गोष्ट बूस्टरची. ‘नियमपुस्तिका’ यांनी सांगितलेला नियम कागदावर चोख आहे. परंतु स्पंजाला तेलासारखा द्रव लावून तो फुगवण्याची पद्धत वरच्या पातळीवर चालू आहे, याविषयी खेळाडूंनीच वेळोवेळी उघडपणे तक्रार केलेली आहे. हा द्रव वाफ सोडणाऱ्या द्रावकासारखा नसल्यामुळे तपासणीच्या उपकरणांना तो सहजासहजी सापडत नाही. कडक चिनी रबर असे फुगवल्यावर ताणले जाते, वेगवान होते आणि त्याचा आवाजही बदलतो. दुकानातून आणलेले तेच रबर प्रामाणिकपणे तसेच चिकटवणाऱ्याला तो अनुभव कधीच येणार नाही. जे नियम पाळतात त्यांच्यावर हा अन्याय आहे, आणि महासंघाने तपासणीचा खात्रीचा मार्ग शोधायला हवा असे मला कळकळीने वाटते.

तिसरे, स्वतःच्या एका विशिष्ट रॅकेटशी खेळाडूचे जे नाते जुळते त्याची किंमत दुकानात लावता येत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वांग चुचिनने सुन यिंगशाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले आणि त्या गडबडीत एका छायाचित्रकाराचा पाय पडून त्याची रॅकेट मोडली. तेव्हा तो जागतिक क्रमवारीत पहिला होता. दुसऱ्या दिवशी राखीव रॅकेटने खेळताना तो एकेरीत स्वीडनच्या ट्रूल्स मोरेगार्डकडून ४–२ असा हरला. पराभवाचे खापर त्याने रॅकेटवर फोडले नाही, आणि मोरेगार्डही त्या दिवशी अप्रतिम खेळला. तरीही राखीव रॅकेट म्हणजे सहसा त्याच जातीचे ब्लेड आणि तेच रबर. आणि एवढे असूनही ती ‘ती’ रॅकेट नव्हती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

जुना डिफेंडर (दादर)

‘टॉपस्पिन’ यांचा बूस्टरविषयीचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी आधीच लिहायला हवा होता. मात्र त्याच सामन्यात दुसऱ्या बाजूला काय होते तेही पाहावे. मोरेगार्डच्या हातात स्टिगा कंपनीचे षटकोनी वाटावे अशा आकाराचे सायबरशेप ब्लेड होते. ते तेव्हा बाजारात होते, आजही आहे, आणि मुंबईतल्या क्लबांत मी ते मुलांच्या हातात पाहिले आहे. त्याच जातीच्या ब्लेडने तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि रौप्यपदक घेऊन परतला. आपल्या मनिका बत्राचेही उदाहरण आहेच. ती बॅकहँडला लांब दाण्यांचे रबर वापरते. हे रबर मुळात संथ असते, चेंडूवर प्रतिस्पर्ध्याने दिलेला स्पिन उलटा फिरवून परत पाठवते, आणि महागड्या रबरांच्या तुलनेत त्याची किंमतही बेताची असते. वरच्या पातळीवरची रॅकेट म्हणजे सर्वांत वेगवान रॅकेट, ही समजूत त्यामुळे पालकांनी मनातून काढून टाकावी.

पार्लेकर (विलेपार्ले)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मी आभारी आहे. चेंडू सरकवण्याचा प्रयोग आम्ही काल रात्री जेवणानंतर केला. जुन्या रॅकेटवर तो खरोखर घसरत गेला, आणि संकुलातून आणलेल्या रॅकेटवर अडकून फिरला; मुलीने तो वीसेक वेळा तरी करून पाहिला. आता दोनच गोष्टी विचारते. तिच्यासाठी नेमके काय घ्यावे? आणि पावसाळ्यात संकुलातल्या हॉलमध्ये चेंडू निसटतो असे सगळी मुले म्हणतात, त्याला महागडे रबर हा उपाय आहे का?

जुना डिफेंडर (दादर)

ताई, ब्लेड पाच थरांचे, संपूर्ण लाकडाचे घ्या, कार्बन नको. वजन ८५ ग्रॅमच्या आत असावे, आणि दुकानदाराला संकोच न करता काट्यावर तोलून दाखवायला सांगा. चांगले दुकानदार हे आनंदाने करतात. मूठ मुलीच्या हातात देऊन पाहा. खाली रुंद होत जाणारी मूठ बहुतेक मुलांना सोयीची वाटते. दोन्ही बाजूंना मऊ किंवा मध्यम स्पंजाचे, १.८ मिलिमीटरच्या आसपासचे, पकड चांगली असलेले रबर लावा. स्पंजाचा कडकपणा अंशांत लिहिलेला असतो, पण प्रत्येक कंपनीचे माप निराळे असल्यामुळे एकीचे ४० दुसरीच्या ४० शी ताडून पाहू नका. सगळे मिळून सहा ते आठ हजारांत बसावे. हे ब्लेड नीट सांभाळले तर कित्येक वर्षे टिकते, बदलायचे ते फक्त रबर. पुढे तिचा फटका दमदार झाला की प्रशिक्षक आधी फोरहँडचे रबर जाड करायला सांगतील, आणि ब्लेडचा विचार त्यानंतर येईल.

पावसाळ्याचे दुखणे आपल्या शहराचेच आहे. जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की रबरावर आणि चेंडूवर बाष्पाचा अतिशय पातळ थर बसतो आणि चेंडू पकडण्याऐवजी घसरतो. चिकट पृष्ठभागाच्या चिनी रबरांना तर हा त्रास जास्तच जाणवतो. महाग रबराने यातून सुटका होत नाही. प्रत्येक दोन-चार गुणांनंतर कोरड्या सुती रुमालाने चेंडू पुसावा, आणि रबरावर तळहात फिरवण्याची मुलांना सवय असते ती मोडावी, कारण घामाने पकड आणखी जाते. खेळून झाल्यावर जरा ओलसर स्पंजाने रबर पुसून, पूर्ण कोरडे करून, वर पारदर्शक पापुद्रा लावून रॅकेट बंद डब्यात ठेवावी. डब्यात औषधाच्या बाटलीत येते तशी ओलावा शोषणारी पुडी टाकावी. लाकूडही ओलावा पिते. माझे ८४ ग्रॅमचे ब्लेड ऑगस्टमध्ये ८५ च्या वर गेलेले मी स्वतः तोलून पाहिले आहे. म्हणून नवे ब्लेड रबर चिकटवण्यापूर्वी वॉर्निशचा एक अगदी पातळ हात देऊन वाळवून घ्यावे. त्यामुळे पुढे रबर काढताना लाकडाचे तंतूही उचकटत नाहीत. मे महिन्यात रॅकेट बंद गाडीत ठेवून जाऊ नये, हे ओघाने आलेच.

चेंडूकडेही लक्ष द्या, कारण त्यावर कोणी बोलत नाही. २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचे चेंडू आले. वजन २.७ ग्रॅम आणि व्यास ४० मिलिमीटरहून किंचित जास्त, हे माप ठरलेले असते, पण सरावाच्या स्वस्त चेंडूंची गोलाई नीट असेलच असे नाही. सपाट टेबलावर चेंडू बोटांनी भिंगरीसारखा फिरवा; तो डगमगला तर समजावे की गोल नाही. आठवड्यातून एकदा तरी मुलीला तीन तारांकित, महासंघमान्य चेंडूने खेळू द्या. व्यावसायिक खेळाडू ज्या स्पर्धेत ज्या कंपनीचा चेंडू असेल त्याच चेंडूने आधीचे कित्येक दिवस सराव करतात, आणि त्यांच्या तयारीतली ही गोष्ट आपल्याला फारसा खर्च न करता उचलता येते.

नियमपुस्तिका (माटुंगा)

एक भर घालतो. रबर घेताना वेष्टन फोडण्यापूर्वी त्यावरचा क्रमांक महासंघाच्या चालू यादीत पडताळून पाहावा, कारण जुनी नावे यादीतून वगळलीही जातात. रबर ब्लेडच्या कडेबाहेर येऊ देऊ नये, कडेला संरक्षक पट्टी लावावी. कडेचा लहानसा टवका उडाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. वापराने झालेली किरकोळ झीज नियमाला चालते. आणि सामना सुरू झाल्यावर रॅकेट बदलता येत नाही, ती खेळण्याजोगी उरली नाही तरच बदलता येते, हे मुलीला सांगून ठेवा.

पार्लेकर (विलेपार्ले)

शनिवारी आम्ही दोघी धोबीतलावला जाऊन आलो. दुकानदारांनी एकाच नावाची तीन ब्लेड काट्यावर ठेवून दाखवली. ती ८३, ८६ आणि ९० ग्रॅम भरली. मुलीने तिन्हींवर चेंडू टिचकावून आवाज ऐकला आणि ८३ चे उचलले. खर्च ६८०० रुपये झाला. वॉर्निश लावून ते दोन दिवस वाळवले, आणि काल प्रशिक्षकांनी आमच्यासमोर रबर चिकटवले. गोंदाचा पांढरा थर सुकून पारदर्शक होईपर्यंत ती समोरून हलली नाही. कडेने रबर कापून झाल्यावर रॅकेट १७१ ग्रॅम भरली. पहिल्या तासाभरात तिचे बरेच चेंडू जाळ्यात गेले, मग पुश खाली राहू लागला. चिकटवताना चिन्ह आणि क्रमांक मुठीच्या अगदी वर, सरळ वाचता येईल असा आला आहे ना, हे तिने स्वतः दोनदा तपासून घेतले.